एक लिटरची बाटली

“लाव बाटली, मिस्त्री. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे,” भगवान सरतापे म्हणाला आणि त्यानं स्वतःच अँबॅसडरचं बॉनेट वर केलं.

सकाळचे नऊ वाजले असतील. गाडी आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाची, चेअरमनसाहेबांच्या फिरतीची. भगवान तिच्यावर बारा वर्षं ड्रायव्हर. मी गॅरेजवाला, अनंता लोहार, पण गावात मला मिस्त्रीच म्हणायचे. आणि भगवानच्या मागं उभे होते संघाचे सचिव, इनामदार. बगलेत वही, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चेहरा असा, की पंचनाम्याला आलेत.

पंचनामाच होता तो, दुसरं काय!

झालं होतं असं, की तीन महिन्यांपासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं होतं. लिटरला दहा किलोमीटर देणारी गाडी एकाएकी नवावर आली. महिन्याला पंधरा-सोळा लिटर पेट्रोलचा मेळ लागेना. मी इंजिन दोनदा उघडून बघितलं. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, टाकीची नळी, सगळं ठणठणीत. आणि गाडी ठणठणीत निघाली की बोट कुणाकडं जातं? ड्रायव्हरकडं. आमच्याकडची ही रीतच आहे. रात्री गाडी भगवानच्या दारात उभी असायची, त्यामुळं तर बोलणाऱ्यांचं आणखीच फावलं.

भगवान मात्र एकच धरून बसला होता. “पेट्रोल बदललं तवापासनं हे सुरू झालंय.”

त्यातही तथ्य होतं. तीन महिन्यांपूर्वी संघानं स्टँडजवळचा जुना पंप सोडला होता आणि नाक्यावरच्या काटकर आबांच्या नव्या पंपावर खातं उघडलं होतं. काटकर म्हणजे चेअरमनसाहेबांचे साडू. पंप दुसऱ्या कंपनीचा. आता कुठल्या कंपनीचं पेट्रोल चांगलं, हा आमच्या धंद्यातला कधी न मिटणारा वाद. टॅक्सी स्टँडवर चार ड्रायव्हर जमले की सुरू. हे पेट्रोल जड, ते हलकं. ह्यानं पिकअप घेते पण पळत नाही, त्यानं पळते पण घाट चढत नाही. मी म्हणायचो, अरे बाबांनो, सगळं एकाच आडातलं, पोहरे तेवढे निरनिराळे. पण ऐकतो कोण! उलट मलाच अडाणी ठरवायचे.

तर भगवाननं भरल्या मीटिंगमध्ये चेअरमनला सांगितलं, “साहेब, मिस्त्रीला बाटली लावायला सांगा. दोन्ही पंपांचं पेट्रोल मोजा. फरक न्हाई निघाला, तर गाडीची किल्ली तुमच्या पायाशी ठेवतो आन् चोर म्हणून गावात तोंड दाखवत न्हाई.”

कुणी सांगितलं होतं एवढं बोलायला? पण माणूस तसाच होता. गाडीत कुणी विडी पेटवली तर आमदार असला तरी खाली उतरवायचा. गाडी धुताना तिच्याशी बोलायचा. लोक हसायचे.

चेअरमन म्हणाले, ठीक. भगवाननं पंपावर जायचं नाही, इनामदारांनी इंजिनाला हात लावायचा नाही. दोन्ही पेट्रोल मिस्त्रीनं एकट्यानं आणायचं. माझ्या शब्दाला गावात तेवढं वजन होतं. होतं, असं म्हणतोय मी.

बाटली लावायची म्हणजे काय, ते सांगतो. टाकीकडून येणारी नळी सोडायची. बरोबर एक लिटर मापाची काचेची बाटली बॉनेटखाली तारेनं टांगायची आणि तिची रबरी नळी इंजिनाला जोडायची. कार्बोरेटरमधलं आधीचं उरलेलं जाळून टाकायचं. मग एका लिटरवर गाडी सोडायची. बाटली रिकामी झाली, की गाडी दोन गचके देते आणि जागेवर थांबते. जिथं थांबली तिथपर्यंतचे रस्त्याकडेचे दगड मोजायचे. ह्यात ना बोलणं चालतं, ना वशिला.

आधी जुन्या पंपाचं लावलं. नाक्यावरच्या शून्याच्या दगडापासून गाडी सोडली. भगवान स्टीअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, मागं इनामदार. चाळीसचा काटा भगवाननं शेवटपर्यंत हलू दिला नाही. दहावा दगड गेला, पुढची विहीर गेली आणि एका बाभळीपाशी गाडीनं आचके देऊन मान टाकली. इनामदारांनी खाली उतरून विटेच्या तुकड्यानं डांबरावर रेघ मारली.

“बघितलंस? दहाच्या वर,” भगवान म्हणाला. “माझी गाडी हाय तशीच हाय. आता तुमच्या नव्या पंपाचं बघा. नवव्या दगडाच्या अलीकडं न्हाई थांबली, तर नाव बदलीन.”

टाकीच्या पेट्रोलवर परत नाक्यावर आलो. मी नळ्या झटकल्या, बाटली फडक्यानं पुसली आणि काटकरांच्या कॅनमधलं पेट्रोल तिच्यात मापून भरलं. बाटलीचं बूच दोनदा माझ्या हातनं खाली पडलं. भगवानला वाटलं, मी त्याच्यासाठीच घाबरलोय. म्हणाला, “घाबरतो कशाला रं? सत्याला मरण न्हाई.”

निघालो. तोच रस्ता, तोच चाळीसचा काटा. पाचवा दगड, सहावा दगड. आठवा दगड मागं पडला तसं भगवाननं स्टीअरिंग घट्ट धरलं. नवव्याजवळ आलो. गाडी मजेत चालली होती, गचका नाही की काही नाही. नववाही गेला.

तेव्हा तो बोलायला लागला. माझ्याशी नाही, गाडीशी.

“थांब की,” हळूच म्हणाला. “थांब की गं माझे आई.”

आयुष्यभर गाडी चालावी म्हणून मिनत्या करणारा माणूस, आणि तो तिला थांब म्हणत होता! आणि तुम्हाला सांगतो, त्याला फसवायचं असतं तर काय अवघड होतं? चोक जरासा ओढून ठेवायचा, नाहीतर दोन मैल तिसऱ्या गिअरमध्ये रेटायची. इनामदारांना सात जन्मांत कळलं नसतं. पण भगवानचा हात चोककडं गेला नाही. चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या काट्यावर, तो आपल्या हातानं आपलंच मरण हाकत होता.

दहावा दगड गेला. विहीर गेली. डांबरावरची विटेची रेघ चाकाखालून गेली आणि तिच्यापुढं पंधरा पावलं जाऊन गाडी थांबली.

“जास्तच गेली की,” इनामदार मागून म्हणाले.

भगवान खाली उतरला नाही. इंजिन बंद पडलं होतं तरी त्यानं चावी फिरवून बंद केली, आणि पुढच्या काचेतनं बघत बसला.

दुपारी संघाच्या ऑफिसात सगळे जमले. चेअरमन, चार संचालक, इनामदार आणि भिंतीला टेकून भगवान. काटकर आबाही सहज आल्यासारखे येऊन बसले होते.

“हं, बोला मिस्त्री,” चेअरमन म्हणाले. “काय निघालं?”

आता जे सांगायचं ते मी आतापर्यंत तुम्हालाही सांगितलेलं नाही. जीभच रेटत नव्हती.

त्या दिवशी सकाळी सातला मी दोन कॅन घेऊन गेलो होतो. पाच-पाच लिटरचे, एकाच दुकानातले, आतून रेघ असलेले. जुन्या पंपावर पाच लिटर घेतलं, पेट्रोल रेघेला लागलं. मग काटकरांच्या पंपावर आलो. मशीनचा काटा शून्यावरून पाचावर आला, मी डोळ्यांनी बघितला. आणि कॅनमध्ये वाकून पाहिलं तर पेट्रोल रेघेच्या दोन बोटं खाली. पाचाला साडेचार.

म्हणजे पेट्रोल हलकं नव्हतं, जड नव्हतं, कंपनीचा काही दोष नव्हता. माप मारलेलं होतं. भगवानच्या टाकीत दहा लिटर म्हणून नऊच जात होतं. आणि बाटलीत तर मी माझ्या हातानं पुरतं एक लिटर मोजून भरणार होतो. फरक दिसणार कसा? ती बाटली लावायच्या आधीच मला ठाऊक होतं, की भगवान हरणार.

“काय मिस्त्री, कॅनमध्ये काय वाकून बघताय?” काटकर केबिनमधनं बाहेर आले होते. नुकतीच पूजा झालेली, कपाळाला अष्टगंध.

“आबा, कमी दिसतंय.”

“कॅन फुगलेला असंल.” ते माझ्याजवळ आले. “तुमचं गॅरेज किती वर्षं झाली आपल्या जागेत?”

“चार.”

“राहा की. आपल्याला काय नडतंय? म्हणणारे म्हणतात, तिथं हॉटेल काढा. मी म्हणतो, गरिबाचं चाललंय तर चालू द्या.”

एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांच्या केबिनच्या कोपऱ्यात पाच लिटरचं सरकारी माप ठेवलेलं मला दिसत होतं. प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागतं. ‘आबा, माप लावा’, तीन शब्द होते. त्याआधी नगरपालिकेनं मला स्टँडमागनं दोनदा उठवलं होतं. सामान हातगाडीवर घालून बायको-पोरांसह भर उन्हात उभा राहिलो होतो मी. ते दिवस आठवले आणि मी भ्यालो. कॅनचं झाकण लावलं आणि गॅरेजवर आलो.

तर चेअरमननी विचारलं, काय निघालं. समोर काटकर मिशीवरनं बोट फिरवत होते. भिंतीशी भगवान उभा होता.

“दोन्ही पेट्रोल सारखंच आहे, साहेब,” मी म्हणालो.

“फरक नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“बाटली लावून बघितलंय.”

शब्दन् शब्द खरा होता. एक अक्षर खोटं बोललो नाही मी. त्या दिवसापासून कुणी ‘मी खरं तेच बोलतो’ म्हणालं, की मला त्याचा संशय येतो.

“मग पेट्रोल जातंय कुठं?” एका संचालकानं विचारलं. सगळ्यांच्या माना भगवानकडं वळल्या.

भगवाननं खिशातनं किल्ली काढली. टेबलापर्यंत आला आणि किल्ली ठेवली. “मिस्त्री खोटं बोलणार न्हाई,” तो म्हणाला. “पेट्रोलमधी फरक न्हाई म्हणतो, तर नसंल. पर साहेब, माझ्या हातानं एक थेंब गेला असंल तर माझे हात झडतील.”

“हात झडून पेट्रोल परत येत नाही,” चेअरमन म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून भगवान खताच्या गोडाऊनवर पोती मोजायला गेला. ड्रायव्हरचा खाकी सदरा काढून घेतला त्याचा.

आणि पुढची गंमत ऐका. गंमतच म्हणायची. काटकरांनी त्याच आठवड्यात गुपचूप मशीन नीट करून घेतलं. भ्याले असणार तेही. गाडीवर नवा ड्रायव्हर आला आणि पहिल्याच महिन्यात गाडीनं लिटरला दहा दिलं! झालं. चोरीवर शिक्कामोर्तब. ज्यांना थोडीफार शंका होती, तेसुद्धा आता म्हणायला लागले, “बघा, माणूस बदलला की कसं अ‍ॅव्हरेज येतंय.”

महिन्याभरानं भगवान गॅरेजवर आला. दाढी वाढलेली, अंगाला युरियाचा वास. मला वाटलं, कळलं ह्याला. पान्हा खाली ठेवून मी उभाच राहिलो.

“मिस्त्री, चोर सापडला,” तो म्हणाला.

“कोण?”

“आमचा दिनकर.”

दिनकर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. एकाच घरात राहायचा. शेजारच्या गावात डेअरीवर कामाला होता, आणि जायला-यायला लुना मोपेड होती त्याच्याकडं.

“मी लई विचार केला,” भगवान पुढं म्हणाला. “पेट्रोल सारखं हाय, हे तू दाखवलंस. मी घेतलं न्हाई, हे मला ठावं. गाडी रातभर दारात. मग घरात लुना कुणाची? आन् गाडी माझ्या दारातनं हलली तसं अ‍ॅव्हरेज आलं का न्हाई? आता सांग, दुसरा अर्थ काय हुतो?”

“तो काय म्हणाला?”

“काय म्हणंल? आईची शपथ घेतली. मेलेल्या आईची खोटी शपथ घेतो म्हणून मी पायातलं काढलं आन् हाणलं त्याला. त्याच्या बायकोदेखत.” भगवाननं पायातल्या चपलेकडं बघितलं. “परवा गेला बिऱ्हाड घेऊन भोसरीला. जाताना म्हणाला, दादा, तुला एक दिवस कळंल. मी म्हणलं, मला कळलंय तेवढं बास हाय. तुझं तोंड बघायचं न्हाई.”

तेव्हा तरी बोलायचं होतं. रस्त्यापलीकडं काटकरांच्या पंपावर ट्रक लागला होता, आबा स्वतः उभं राहून भरून घेत होते. आणि भगवाननं माझ्यापुढं हात जोडले.

“तू खरं बोललास म्हणून घरातला साप दिसला, बाबा. न्हाईतर जल्मभर मी पेट्रोलला शिव्या देत बसलो असतो.”

मी त्याला चहा पाजला. आणखी काय सांगू? चहा पाजला आणि पाठवून दिला.

त्यानंतर सतरा वर्षं गेली. काटकर आबा वारले. पंप त्यांच्या पोरांनी विकला आणि मीही एव्हाना माझी स्वतःची जागा घेतली होती. आता मला कुणाची भीती नव्हती. तरी भगवानच्या घराकडं पाय वळत नव्हते. रस्त्यात भेटला की तो चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “ह्यो आमचा मिस्त्री, हरिश्चंद्राचा अवतार.” माणसं मान डोलवायची, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

एका दुपारी निरोप आला, दिनकर गेला. भोसरीत कारखान्यातच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. आणि सख्खा भाऊ असून भगवान मातीला जायला तयार नाही. भावकीतली माणसं समजावून थकली. मग मात्र मला राहवेना. तसाच उठलो आणि त्याच्या घरी गेलो.

भगवान ओसरीवर बसला होता. केस पांढरेशुभ्र. हौसावहिनी, त्याची बायको, आतनं माझ्यासाठी चहा घेऊन आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. दिनकरला तिनं पोरासारखं वाढवलं होतं, लग्न होऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा होता म्हणे.

“भगवान, ऊठ. भोसरीला जाऊन ये,” मी म्हणालो. “दिनकरनं पेट्रोल चोरलं नव्हतं.”

“तुला काय ठावं?”

“मला ठाऊक आहे. काटकराचं माप मारलेलं होतं. पाचाला साडेचार देत होता. मी त्या दिवशी सकाळीच कॅनमध्ये बघितलं होतं. ना तू घेतलं, ना दिनकरनं घेतलं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. जागेवरनं उठवील म्हणून भ्यालो मी.”

सगळं एका दमात बोललो. सतरा वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडलं आणि मी त्याच्या हाताची वाट बघत बसलो. गालफडात दोन बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

भगवाननं माझ्याकडं बघितलं. मग कोरडं हसला.

“मिस्त्री, तू लई मोठ्या मनाचा हाईस,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसावरचा डाग पुसायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोस. पर मला फसवू नगंस. त्या दिवशी भरल्या सभेत तू खोटं बोलला न्हाईस, अन् आज बोलतोस व्हय?”

“अरे, आज खरं सांगतोय मी!”

“गप.” त्याचा आवाज फाटला. “आता परत म्हणू नगंस. मी त्या पोराला पायातल्यानं मारलंय. कळतंय का तुला? बायकोदेखत मारलंय. त्यानं चोरलंच हुतं.”

तो उठला, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. भोसरीला गेला नाही.

हौसावहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पुढं आली, वाकली आणि माझ्यापुढचा भरलेला कप उचलला. मी अजून तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

“त्यास्नी परत सांगू नका, भावजी,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्यांनी मानलं तर ते जगायचे न्हाईत. पर मी मानलंय. ह्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका.”

आणि तो चहा तिनं माझ्यादेखत अंगणात ओतून दिला.